घरोघरी नवजात बालसेवा (गडचिरोली)

गावपातळीवर गोळा केलेल्या नोंदींच्या आधारे बालआरोग्यसेवा टप्प्याटप्प्याने घडवण्याची पद्धत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली.

१९८८ मध्ये तेथील अर्भकमृत्यू दर हजार जन्मांमागे १२१ होता. मृत्यूंची कारणे तपासताना निमोनिया ठळकपणे पुढे आला, म्हणून पहिला उपाय त्यावर योजला गेला. निदान श्वास मोजून करायचे, पण अनेक दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांची पाटी तयार झाली. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर हात आला, म्हणजे श्वास फार वेगाने चालत असला, तर बाळाला निमोनिया समजून औषध सुरू करायचे. निरक्षर बाईच्या हाती अचूक मोजमाप देणारे हे साधन या साऱ्या कामातील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

निमोनियाचे मृत्यू घटले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू उरलेच. त्यावर लगेच औषधयोजना न करता १९९५-९६ मध्ये आधी वर्षभर निरीक्षण झाले. ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन, ताप, श्वास, अंगावर पिण्याची ताकद टिपत. सुमारे ५४ टक्के बाळांना उपचारांची गरज असल्याचे आढळले. वैद्यकीय मदत पोहोचली होती केवळ २.६ टक्क्यांपर्यंत. बाळाला दवाखान्यात आणा, एवढे सांगून भागणार नाही, हे या दोन आकड्यांमधल्या दरीने दाखवले. त्यामुळे १९९६ पासून आरोग्यदूत जंतुसंसर्गावर घरीच उपचार करू लागल्या, अगदी जेन्टामायसीन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनसह.

परिणाम जोखण्यासाठी ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे होई; सेवा देणारे आणि मोजणारे वेगळे असत. ही दक्षता नसती, तर निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवला नसता. सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर गृहभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरलेल्या आहेत.