मेंदूच्या ऊतकाचे नमुने पाठवण्यापूर्वी

रॅट किंवा माऊसच्या मेंदूतील डोपामाइन, नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने आणि त्यांच्या विघटनातून येणारी डोपॅक, एचव्हीए ही द्रव्ये आम्ही नवी मुंबईतल्या महाप्याच्या प्रयोगशाळेत एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारे यंत्र), इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर लावून मोजतो. आकडा विश्वासार्ह येणार की नाही, हे मात्र बरेचसे आपल्याकडे, प्राण्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत ठरते.

रक्तपुरवठा थांबला तरी एन्झाइमांचे काम चालूच राहते. पेशींना ऊर्जा देणारा एटीपी घसरतो, लॅक्टेट वाढते, काही मिनिटांत गाबा हे संदेशवाहक रसायनही चढते. ॲसिटिलकोलीन हे दुसरे संदेशवाहक तर सेकंदांत बदलते. मेंदू मायक्रोवेव्हने तत्क्षणी स्थिर करणारे यंत्र आपल्याकडे नसेल, तर ॲसिटिलकोलीनची चाचणी मागवू नका.

मेंदू बर्फावरच्या पेट्रीडिशमध्ये घेऊन भाग वेगळे करा. इथे घाई नको, सराव हवा. रॅटच्या स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतला भाग) ग्रॅममागे साधारण 10 मायक्रोग्रॅम डोपामाइन असते, कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा बाहेरचा थर) त्याचा अगदी लहानसा अंश. म्हणून कॉर्टेक्सला स्ट्रायटमचा कण चिकटून आला, तर आकडा सहज दुप्पट होतो. ब्रेन मॅट्रिक्स (काप घेण्यासाठी खाचा असलेला साचा) वापरलेत तर काप सारखे पडतात.

ट्यूब आधी रिकामी तोला. सलाइन फिल्टर पेपरने टिपून घ्या. 40 मिलिग्रॅमच्या तुकड्यावर 4 मिलिग्रॅम पाणी राहिले, की दहा टक्के चूक तिथेच झाली. मग लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे 80 अंशांवर ठेवा. आधी सगळे कंट्रोल आणि मग सगळे औषध दिलेले प्राणी, असा क्रम कधीच लावू नका, आलटून पालटून घ्या. नाहीतर दिसणारा फरक औषधाचा की वेळेचा, हे आम्हालाही सांगता येणार नाही.

थर्माकोलच्या खोक्यात 4-5 किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) भरा. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्ता तुंबतो, तेव्हा थोडा जास्तच. झाकण हवाबंद करू नका, वायू साठून खोके फुटते. नमुना वाटेत अर्धवट वितळला तर पेशी फुटतात, डोपामाइनचे डोपॅक होते आणि त्यांचे गुणोत्तर औषधाचा परिणाम असल्यासारखे वाढते. असा नमुना आम्ही घेत नाही.

आमच्याकडे दर मिलिग्रॅमला 10 मायक्रोलिटर 0.1 मोलर थंड परक्लोरिक आम्ल घालतो, त्यात डीएचबीए हे अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घातलेले द्रव्य) मोजून मिसळलेले असते. सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी ऊतक फोडल्यावर) 4 अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये 14,000 जी, 15 मिनिटे फिरवतो. आम्लाने प्रथिने खाली बसतात. प्रथिनांवर आधारित आकडा हवा असेल तर फॉर्मवर आधीच लिहा, म्हणजे तळाशी बसलेला गाळ (पेलेट) फेकला जाणार नाही. प्राणी नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांकही त्याच फॉर्मवर द्यावा.