सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षण

सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा, गोव्याला लागून असलेला लहान जिल्हा. येथील हायस्कुलांचा दहावीचा निकाल गेली अनेक वर्षे राज्यात अग्रभागी राहिला आहे आणि याच काळात त्यांचा पट (विद्यार्थिसंख्या) सतत घटत आहे. जिल्ह्याच्या शाळांचे खरे चित्र पाहायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. वर्तमानपत्रांत निकालाच्या दिवशी पहिल्या गोष्टीचीच बातमी होते.

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. मुख्यालय ओरोस (सिंधुदुर्गनगरी) येथे असून सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, देवगड, कणकवली, वैभववाडी आणि दोडामार्ग हे आठ तालुके आहेत. 2001 साली लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 च्या जनगणनेत ती 8,49,651 भरली. त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया (राज्यात 929) हे प्रमाण पुरुषांच्या स्थलांतराची साक्ष देते. ते मुलींच्या जन्माचे प्रमाण समजू नये, कारण सहा वर्षांखालील वयोगटात येथेही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. साक्षरता 85.56 टक्के, पुरुषांत 91 टक्क्यांवर, स्त्रियांत 80 टक्क्यांच्या किंचित खाली. शहरी वस्ती सुमारे आठव्या हिश्शाइतकी आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे.

पाचवी ते दहावीच्या शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी अनुदानित शाळांवर आहे. जिल्हा परिषदेचे काम प्रामुख्याने प्राथमिक शाळांपुरते. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते, कारभार संस्था पाहते. म्हणून लोकांच्या लेखी ती सार्वजनिक शाळाच. या संस्थांचा इतिहास मुंबईशी बांधलेला आहे. गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी आपापल्या गावाचे मंडळ काढले, वर्गणी जमवली आणि गावात हायस्कूल उभे केले. आजही कित्येक शाळांना गावातली स्थानिक समिती आणि मुंबईतली कमिटी अशी दोन घरे असतात. शहरांतील जुन्या शाळांना मोठे देणगीदार किंवा संस्थानाचा आश्रय लाभला : मालवणचे टोपीवाला हायस्कूल अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांचे नाव चालवते, तर सावंतवाडीत राणी पार्वतीदेवी हायस्कूल आहे. मनीऑर्डरीवर चाललेल्या या मुलखाने त्या पैशातून शाळा बांधल्या, ही गोष्ट कोकणाबद्दल बोलताना पुरेशी सांगितली जात नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून राज्य मंडळाचा कोकण विभाग होतो. 2012 पूर्वी दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात होते. वेगळे झाल्यापासून दहावीत कोकण सलग पहिला आहे. 2023 मध्ये 98.11 टक्के (राज्य 93.83), 2024 मध्ये 99.01 (राज्य 95.81), 2025 मध्ये 98.82 (राज्य 94.10). मात्र राज्यभरातील सुमारे साडेपंधरा लाख परीक्षार्थींपैकी कोकण विभागाचे जेमतेम 27 हजारांच्या आसपास असतात.

हे आकडे इतके वर गेले आहेत की त्यांतून फारसे कळेनासे झाले आहे. अधिक बोलके वर्ष 2019 चे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून टाकले गेले. राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर कोसळला; नागपूर विभाग 67.27 वर गेला. कोकण 88.38 वर थांबला. त्याआधीची काही वर्षे पाच-सात टक्क्यांचे असणारे अंतर त्या वर्षी अकरा टक्क्यांचे झाले. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परतले आणि सारे विभाग पुन्हा वर सरकले. कोकणचा निकाल केवळ सढळ गुणांवर उभा आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांना हे एक वर्ष पुरेसे उत्तर आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की त्या वर्षी कोकणातही दर शंभरातली अकरा-बारा मुले नापास झाली, आणि त्यांतली बरीचशी एरवीच्या वर्षी उत्तीर्णांत मोजली जातात.

यामागची कारणे एका वाक्यात सांगता येणार नाहीत. तुकड्या लहान असतात आणि शिक्षक प्रत्येक मुलाला घरासकट ओळखतो. जादा तास आणि सराव परीक्षा यांचा रिवाज आहे. शेती तुटपुंजी असल्याने शिकून नोकरी धरणे हाच मार्ग, हे घराघरांत पटलेले असते. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचाही वाटा आहे. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी थोडी परकी वाटते, पण त्याचा अडथळा निकालात दिसत नाही. वर्गात उत्तर द्यायला उभे राहताना मात्र दिसतो.

लहान पटामुळे टक्केवारी फसवीही होते. पंधरा मुलांच्या वर्गात एक नापास झाला की शाळा 93.3 वर येते, म्हणजे 2025 च्या राज्य सरासरीखाली. सगळे पास झाले की शंभर नंबरी. म्हणून एका शाळेच्या एका वर्षाच्या निकालावरून तिची पारख करू नये. सलग पाच-सहा वर्षांचे निकाल आणि नववीतून दहावीत किती मुले पोचली हे पाहिले तर काही कळते.

खरा पेच पटाचा आहे. जन्मदर उतरला, कुटुंबे मुंबई, पुणे, गोव्याकडे गेली आणि उरलेल्यांपैकी ऐपतदारांनी इंग्रजी माध्यमाच्या शाळा धरल्या. शिक्षकांची पदे दरवर्षीच्या संच मान्यतेत पटावरून ठरतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. मग गणिताच्या शिक्षकाने विज्ञान, आणि वेळ पडल्यास भूगोलही शिकवायचा. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक झाले, आणि कमी पटाच्या शाळांना त्याची झळ सर्वाधिक बसली. मैदानी प्रदेशाला साजेसा पटाचा हिशेब डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्यांच्या मुलखाला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच लागू होतो. महाराष्ट्रात सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. नववी-दहावीला या कायद्याचे संरक्षण नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातले हायस्कूल बंद पडले, तर तिथल्या मुलीची नववी पावसाळ्यातल्या एसटीच्या वेळापत्रकावर येऊन ठेपते.