अजामीनपात्र वॉरंट

अजामीनपात्र वॉरंट म्हणजे अमुक माणसाला पकडून माझ्यासमोर आणा असा कोर्टाने पोलिसांना दिलेला लेखी हुकूम. वकील, कोर्टातले कारकून, पोलीस सगळे बोलताना एनबीडब्ल्यू (नॉन-बेलेबल वॉरंट) म्हणतात. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम लिहिलेली असते, तेवढ्याचा बाँड आणि जामीनदार दिला की पोलीसच सोडून देतात, आणि अजामीनपात्रमध्ये तो अधिकार पोलिसांना नसतो, सोडायचं की आत टाकायचं ते कोर्टच ठरवणार. फरक इतकाच. एनबीडब्ल्यू निघालं म्हणजे आता जामीन मिळणारच नाही किंवा गुन्हा फार मोठा असणार, हा समज चुकीचा आहे. चेक बाउन्सचा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी तारखेला दांडी मारणाऱ्यांवर त्याच केसेसमध्ये एनबीडब्ल्यू सर्रास निघतात.

कायद्यात हे आधी सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 70 ते 81 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 72 ते 83 मध्ये आहे, मजकूर जवळपास तोच. वॉरंट लेखी पाहिजे, त्यावर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का पाहिजे. आणि मुख्य म्हणजे त्याला मुदत नसते, बजावलं जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत ते जिवंत राहतं, त्यामुळे जुनी केस विसरून निवांत बसलेल्या माणसाच्या दारात कित्येक वर्षांनी पोलीस येऊन उभे राहतात ते यामुळेच.

खरं तर ही शेवटची पायरी आहे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि तरीही माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच एनबीडब्ल्यू, असं सुप्रीम कोर्टाने 2007 च्या गोस्वामी निकालात सांगितलं. माणूस आपणहून येणार नाही असं मानायला कारण आहे, पोलिसांना तो सापडतच नाहीये, किंवा लगेच ताब्यात घेतला नाही तर कुणाला इजा करेल, असं काहीतरी असावं लागतं. 2024 मध्ये शरीफ अहमद प्रकरणातही कोर्टाने परत बजावलं की एनबीडब्ल्यू रुटीन म्हणून काढू नका. खालच्या कोर्टात मात्र बोर्डावर ढीगभर केसेस, आरोपी गैरहजर, वकीलही गायब, मग रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, एका ओळीत वॉरंटचा हुकूम होतो हे वास्तव आहे.

हुकूम झाला की वॉरंट संबंधित पोलीस ठाण्यात जातं आणि एखाद्या अंमलदाराकडे बजावणीला दिलं जातं. पकडताना वॉरंट कशाचं आहे ते सांगावं लागतं, मागितलं तर दाखवावंही लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावं लागतं. वॉरंट भारतात कुठेही चालतं. दुसऱ्या जिल्ह्यात पकडलं आणि वॉरंट काढणारं कोर्ट 30 किलोमीटरच्या आत नसेल तर साधारणपणे आधी तिथल्याच मॅजिस्ट्रेट, एसपी किंवा कमिशनरपुढे न्यावं लागतं.

तपास चालू असतानाही एनबीडब्ल्यू निघू शकतं का? 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटातल्या दाऊद इब्राहिमच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये सांगितलं की हो, आरोपी अजामीनपात्र गुन्ह्यातला असेल आणि अटक चुकवत असेल तर निघू शकतं, पण ते माणसाला कोर्टात आणण्यासाठी, नुसतं पोलिसांच्या तपासाची सोय म्हणून नाही.

वॉरंट काढूनही माणूस लपून बसला तर कोर्ट त्याला फरार घोषित करायला जाहीरनामा काढतं, हजर व्हायला किमान 30 दिवस देतं, आणि मालमत्ता जप्तही करू शकतं. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांच्या बाबतीत 2021 मध्ये हेच झालं, खंडणीच्या केसमध्ये आधी एनबीडब्ल्यू, मग 17 नोव्हेंबरला मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने फरार घोषित केलं, 22 ला सुप्रीम कोर्टाकडून अटकेपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं आणि त्यानंतर काही दिवसांतच साहेब मुंबईत हजर. फरार घोषित आरोपीवर नव्या बीएनएसएसमध्ये गैरहजेरीतही खटला चालवता येतो, पण फक्त 10 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांत.

बहुतेक एनबीडब्ल्यू मात्र अटकेपर्यंत जातच नाहीत. वकील अर्ज टाकतो, आजारपणाचं वगैरे कारण देतो, आरोपी हजर राहतो, थोडा दंड भरला की वॉरंट रद्द. राज ठाकरे 2008 च्या केसमध्ये जानेवारी 2023 ला परळीच्या कोर्टात हजर झाले तेव्हा वॉरंट रद्द झालं आणि 500 रुपये दंड झाला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत तर बजावणीआधी अर्ज करून पुढच्या तारखेला येण्याची हमी दिली तर स्वतः हजर न राहताही वॉरंट रद्द होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाच्या अंतिल प्रकरणात ठरलंय.

पण रद्द झाल्याचा कागद पोलीस ठाण्यात पोचला नाही तर काय होतं ते मुंबईतल्या एका वकिलाने भोगलं. ऑगस्ट 2002 मध्ये त्यांच्यावरचं वॉरंट कोर्टात जाऊन त्यांनी रद्द करून घेतलं होतं, तरी 15 ऑगस्टला, सुट्टीच्या दिवशी, पोलिसांनी त्यांना उचललं. वॉरंट रद्द झालंय असं ते सांगत होते पण दाखवायला आदेशाची प्रत जवळ नव्हती, शेवटी सुट्टीच्या दिवशी कामावर असलेल्या ड्युटी मॅजिस्ट्रेटने सोडलं. हायकोर्टाने इन्स्पेक्टरला 2000 रुपये भरपाई द्यायला लावली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने याच केसमध्ये नियम घालून दिले, वॉरंटच्या फॉर्मवर छापील नंबर हवा, कोर्टात आणि ठाण्यात रजिस्टर हवं, ठरलेल्या तारखेला पोलिसांकडून अहवाल मागवावा, आणि वॉरंट रद्द झालं की ते परत पाठवायचा हुकूम लगेच पोलिसांना जावा. वॉरंट रद्द झालं की त्याच दिवशी आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढायला अनुभवी वकील सांगतात ते उगाच नाही.