पार्श्वभूमी : लॉगची ओळ ‘इव्हेंट’ कधी होते?

लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहीत जातो त्या नोंदी, उचलून सेंट्रीसारख्या एरर-ट्रॅकिंग (चुका टिपून ठेवणाऱ्या) सेवेकडे पाठवणारा प्लगइन लिहायला घेतला, की टीममध्ये पहिला वाद होतो तो ‘इव्हेंट’ या शब्दावरून. लॉगफोरजे या जावातल्या लॉग लायब्ररीत, कोडने लॉगरला दिलेली आणि पातळीच्या गाळणीतून सुटलेली प्रत्येक ओळ ‘इव्हेंट’ होऊन अपेंडरकडे, म्हणजे ती पुढे लिहिणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या भागाकडे, येते; डीबगची (फक्त तपासणीसाठीची) पातळी चालू असेल तर तीसुद्धा. ट्रॅकिंग सेवेच्या भाषेत मात्र इव्हेंट म्हणजे घडलेली चूक. ती सेवेच्या ठरलेल्या कोट्यातून वजा होते आणि तिच्यासारख्या इतर चुकांसोबत एका ‘इश्यू’खाली जमा होते. पायथनने २००३ मध्ये, २.३ आवृत्तीत, लॉगिंग मॉड्यूल आणलं तेव्हा लॉगच्या ओळीला ‘लॉगरेकॉर्ड’ म्हटलं आणि हा गोंधळ टाळला. अपेंडरला कुठे हँडलर म्हणतात, कुठे सिंक, कुठे ट्रान्सपोर्ट. ती नावं आठवडाभरात अंगवळणी पडतात. इव्हेंटचा घोळ मात्र थेट डिझाइनमध्ये शिरतो.

ओळ किती गंभीर हे सांगणाऱ्या पातळ्यांची कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात मेल सर्व्हरसोबत आलेल्या सिसलॉग या लॉग-व्यवस्थेतून ती रुळली : ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे डीबग. २००१ मध्ये कागदावर आलेल्या त्याच्या स्वरूपात वेळेसोबत ना वर्ष होतं, ना टाइमझोन. ही उणीव २००९ च्या मानकाने भरून काढली. ग्राहक अमेरिकेत, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि आपण साडेपाच तास पुढे, अशी पुण्यातली रात्रपाळी ज्यांनी केली आहे, त्यांना ‘अडीच वाजता पडलं’ म्हणजे कुणाचे अडीच, हे शोधण्यात गेलेला वेळ आठवत असेल.

सेंट्रीची सुरुवात २००८ ची. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधली एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना उद्भवणाऱ्या चुका, डेटाबेसमध्ये टिपून ठेवणारं ते छोटं साधन होतं. एक्सेप्शनसोबत स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कोडमध्ये कुठून आली याचा माग, असतो, त्यामुळे कुठल्या चुका एकसारख्या हे ठरवणं सोपं जातं. लॉगच्या ओळीला बहुधा तो नसतो. मग गट संदेशावरूनच पाडावा लागतो, आणि खरा निर्णय इथेच आहे : प्लगइनने तयार वाक्य पाठवायचं, की साचा वेगळा आणि त्यातली मूल्यं वेगळी?

बाणेरमधल्या आमच्या टीमने आधी तयार वाक्य पाठवलं. लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीत मजकूर प्लसने जोडायची सवय होती, तीच पुढे पायथनच्या एफ-स्ट्रिंगमधून, म्हणजे मूल्यं थेट वाक्यात भरून, चालू राहिली. एका सकाळी पेमेंट गेटवे बंद पडला. ‘ऑर्डर ४५१२ चं पेमेंट फसलं’, ‘ऑर्डर ४५१३ चं पेमेंट फसलं’... प्रत्येक ऑर्डरचा वेगळा इश्यू! चहा येईपर्यंत यादी इतकी लांबली, की त्याच वेळी आलेली दुसरी, खरी नवी चूक दुपारपर्यंत कुणाच्या नजरेस पडली नाही. ‘ऑर्डर %s चं पेमेंट फसलं’ हा साचा (%s म्हणजे मूल्याची जागा) पाठवला असता, तर इश्यू एकच झाला असता. साचा पाठवायचा तर सगळ्यांच्या लॉग लिहिण्याच्या पद्धतीत हात घालावा लागतो, म्हणून विरोध झाला. तो समजण्यासारखा होता, पण माझ्या मते चुकीचा.

कुठल्या पातळीपासूनच्या ओळी पाठवायच्या, हा उंबरठ्याचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. सेंट्रीच्या पायथन एसडीकेत (ॲपला सेवेशी जोडणाऱ्या तयार कोडमध्ये) मुळातच एरर आणि त्यावरच्या पातळ्यांचा इव्हेंट होतो, तर इन्फो (साधी माहिती) या पातळीपासूनच्या ओळी ‘ब्रेडक्रंब’ म्हणून पुढच्या इव्हेंटला चिकटतात. आम्ही तेच ठेवलं. प्लगइनचा स्वतःचा लॉगर तेवढा वगळावा लागतो. नाहीतर नेटवर्क गेलं की ‘पाठवता आलं नाही’ ही तक्रारही तो पाठवायला बघतो आणि चक्र थांबत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल हे लॉगफोरजेमधलं सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं. लॉगफोरजे संदेशातला मजकूर नुसता लिहीत नव्हतं, त्यातला विशिष्ट भाग उलगडून बाहेरच्या सर्व्हरकडे जात होतं. आमचा तो शनिवार-रविवार जार फाइली (जावाच्या कोडची बांधलेली गाठोडी) धुंडाळण्यात गेला. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक केलं. ट्रॅकिंग सेवेत इव्हेंट आहेत म्हणजे हे काम झालं, असा समज तेव्हा बराच पसरला. पण उंबरठ्याखालच्या बहुतेक ओळी तिथे पोचतच नाहीत, त्यामुळे लॉग वेगळे जपावेच लागतात.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आणि साच्याचा वाद आमच्याकडे पुन्हा निघाला. तयार वाक्यातून ग्राहकाचा मोबाइल नंबर रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) शोधून काढायचा, तर स्पेस, डॅश, +९१ अशी रूपं निसटतात. मूल्य वेगळं आलं, तर प्लगइन ते पाठवण्याआधीच झाकतो. तेव्हापासून आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये लॉगच्या ओळीत एफ-स्ट्रिंग दिसली, की ती परत जाते.