साठ की पासष्ट? ज्येष्ठांच्या सवलतींमागचा वयाचा घोळ

महाराष्ट्रात बासष्ट वर्षांचा माणूस ज्येष्ठ नागरिक आहे की नाही, हे तो कोणत्या खिडकीसमोर उभा आहे त्यावर ठरतं. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो ज्येष्ठ आहे. मुलाकडून निर्वाहखर्च मागायला प्रांताकडे गेला तरी ज्येष्ठच. मात्र एसटीच्या वाहकाकडे तो पूर्ण तिकीट काढतो आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत श्रावणबाळचा, म्हणजे निराधार वृद्धांना राज्याकडून मिळणाऱ्या दरमहा निवृत्तिवेतनाचा, अर्ज केला तर तो परत येतो. घोळ जुना आहे, आणि त्याचं मूळ एका निर्णयात नाही.

साठ हा आकडा बाहेरून आला. १९८२ च्या व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेत वृद्ध म्हणजे साठ आणि पुढे असं धरलं गेलं. १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरला आणि १९९९ च्या आपल्या राष्ट्रीय धोरणानेही साठच मानले. पण त्याआधी, १५ ऑगस्ट १९९५ पासून, केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. दरमहा ७५ रुपये आणि वयाची अट पासष्ट. दरमहा पैसे जायचे तिथे पासष्ट आणि धोरणाच्या कागदावर साठ, ही फारकत तिथून पुढे चालत राहिली. २००७ च्या निर्वाह व कल्याण कायद्यात साठ आले. प्राप्तिकराने २०११-१२ या आर्थिक वर्षापासून पासष्टचे साठ केले. केंद्राच्या निवृत्तिवेतनाची अटही २०११ मध्ये साठवर आली, तरी केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना २०० रुपये आणि त्यापुढच्यांना ५०० रुपये एवढाच राहिला.

राज्याने २०१३ मध्ये सर्वसमावेशक ज्येष्ठ नागरिक धोरण आणलं, तेव्हा देशाचा कायदा साठ म्हणत होता. तरीही धोरणात पासष्ट ठेवले गेले. आयुर्मान वाढलंय, निधी मर्यादित आहे, तो जास्त वयाच्या माणसाला आधी मिळावा, असा त्यामागचा युक्तिवाद. तो पूर्णपणे टाकाऊ नाही. पण त्याचा फटका कोणाला बसतो ते पाहायला हवं. राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याचं निवृत्तिवेतन सुरू होतं. गवंडी, हमाल, ऊसतोड मजूर, घरकाम करणारी बाई यांना निवृत्तीची तारीखच नसते. गुडघे आणि कंबर साठीच्या आतच उत्तर देतात. म्हणजे मधली पाच वर्षं ज्यांना सर्वात जड जातात, त्यांनाच ही अट बाहेर ठेवते. वाद इतकी वर्षं चिघळला तो यामुळे.

अखेर २०१८ मध्ये राज्याने धोरणातलं वय साठवर आणलं. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. धोरणातला आकडा बदलला म्हणून प्रत्येक योजनेचा आपोआप बदलत नाही. प्रत्येक सवलत तिच्या खात्याच्या स्वतंत्र शासन निर्णयावर चालते आणि तो निर्णय दुरुस्त होईपर्यंत खिडकीवरचा कर्मचारी जुनाच आकडा धरतो. त्याला दुसरा मार्गही नसतो. त्यानंतरच्या योजनांनीही एक आकडा धरला नाही. २०२४ मध्येच आलेल्या, वृद्धांना साहाय्यभूत साधनांसाठी पैसे देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्रीला पासष्ट आणि तीर्थयात्रा घडवणाऱ्या तीर्थदर्शनाला साठ, हे याचं सर्वात ठळक उदाहरण. त्यातच ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण उत्पन्नाची अट न लावता आलं, पण सत्तरीपासून.

श्रावणबाळची अट पासष्टच आहे. त्याआधी निराधार असलेल्याला १९८० पासूनची संजय गांधी निराधार योजना आहे, पण तिथे नुसतं वय पुरत नाही. अपंगत्व, दुर्धर आजार, वैधव्य असं काही तरी दाखवावं लागतं. दोन्हीकडे रक्कम जुलै २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाली; अपंग लाभार्थ्यांची २०२५ मध्ये २५०० झाली. श्रावणबाळमध्ये दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्यांचा गट वेगळा. त्यांच्या दीड हजारात केंद्राचा आणि राज्याचा वाटा असतो. दोन्ही एका दिवशी पडले नाहीत, तर पैसे कापले गेल्याची तक्रार होते. यादीत नाव नसलेल्यांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा आहे. महिन्याला १७५० रुपये. आजच्या घडीला ही अट वयाच्या अटीपेक्षाही अन्यायाची आहे, आणि तिच्यावर बोललं जातं फार कमी. वयोश्रीला दोन लाख चालतात, मग इथे एकवीस हजार का, याला पटेल असं उत्तर नाही.

अर्ज अडतो तो बहुधा जन्मतारखेवर. या वयाच्या अनेकांच्या आधारवर १ जानेवारी अशी अंदाजाची तारीख आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरीच. अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. शाळेत गेलेलेच नसतील, तर जन्मनोंदीचा उतारा, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतलं वय, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. आधारवरची तारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईत चुकीची दुरुस्ती करू नये. सोबत राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दोन बँकांत खाती असतील तर पैसे ज्या खात्याशी आधार शेवटचं जोडलं गेलंय तिथे जातात. पासबुक कोरं दिसलं की आधी दुसरं खातं तपासावं. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांची बुबुळं टिपणारं यंत्र मागावं किंवा थेट शाखेत समक्ष हजर व्हावं.

एसटीत पासष्टपासून अर्धं तिकीट, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास. शहर बससेवेला आणि राज्याच्या हद्दीबाहेर हे लागू नाही. मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना निम्मं भाडं झालं आणि बायकांपुरता साठ-पासष्टचा प्रश्न एसटीत संपला. उरले साठ ते पासष्टमधले पुरुष. रेल्वेत तर पुरुषांना साठ, बायकांना अठ्ठावन्न अशी चांगली सोय होती. ती २० मार्च २०२० पासून थांबली ती थांबलीच.

ज्येष्ठांना एकत्र बसायला असलेल्या विरंगुळा केंद्रांच्या पायरीवर मात्र वय कोणी विचारत नाही, म्हणून ती या सगळ्यात सर्वात मोकळी सेवा. त्यांचं दुखणं निराळं आहे. शहरांतली अनेक केंद्रं उरलेल्या जागेत, कुठे वरच्या मजल्यावर, कुठे पाच-सहा पायऱ्या चढून. उंचीच्या बारापट लांब असेल तोच उतार चाकाच्या खुर्चीला सोसतो, म्हणजे एका फुटाच्या जोत्याला बारा फूट. जागा नाही म्हणून चार फुटांत बसवलेला सिमेंटचा उतार पावसाळ्यात पायऱ्यांपेक्षा धोक्याचा. कॅरम आणि वर्तमानपत्र सगळीकडे असतात. कमोड, त्याच्या भिंतीला धरायचा दांडा आणि आतून अडकली तरी बाहेरून उघडणारी कडी क्वचित. किल्ली एकाच माणसाकडे असली की तो गावाला गेल्यावर केंद्र बंद पडतं. वीजबिल कोणी भरायचं, हे सुरुवातीच्या करारात लिहिलेलं नसेल तर ते पहिल्याच वर्षी थकतं आणि आधी पंखे बंद होतात, मग माणसं येईनाशी होतात. नवं केंद्र मागताना ठरावात या दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: किल्ली किमान तिघांकडे, आणि वीज-पाण्याचं बिल कोणाच्या नावावर.