खरवस, हनुवटी आणि अझुमा नेल्सन

‘याचा जबडा लोखंडाचा आहे!’ बॉक्सिंगच्या जुन्या चित्रफिती बघताना समालोचकाचं हे वाक्य आलं की माझी चिडचिड होते. जबडा सगळ्यांचा हाडाचाच असतो. ठोसा हनुवटीवर बसतो हे खरं, पण शुद्ध हरपते ती मेंदूची.

परवा अझुमा नेल्सनची लढत पाहिली. घानातल्या अक्राचा हा पठ्ठ्या १९७८च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून पुढे व्यावसायिक झाला. २१ जुलै १९८२ला न्यूयॉर्कमध्ये तो ऐनवेळी बदली म्हणून मेक्सिकोचा जगज्जेता साल्वादोर सांचेझ याच्यासमोर उभा राहिला. गट फेदरवेट, वजन जेमतेम ५७ किलो. सातव्या फेरीत पडला, उठला, आणि थेट पंधराव्या फेरीपर्यंत भिडत राहिला. तिथे मात्र पंचांनी लढत थांबवली.

आता स्वयंपाकघरात चला. खरवसाचा डबा घ्या आणि सरळ पुढे ढकला. आतल्या वडीला फारसं काही होत नाही. तोच डबा झटकन गोल फिरवा. कडेचा खरवस डब्याबरोबर फिरतो, मधला मागे राहतो आणि वडीला चिरा जातात. मेंदूचंही असंच आहे. तो पाण्यासारखा, दाबून आकसत नाही. पण थरावरून थर सरकवायला (भौतिकशास्त्रात याला ‘शिअर’ म्हणतात) त्याचा विरोध नगण्य: दाबाविरुद्धचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये (अब्जावधी पास्कल; पास्कल हे दाबाचं एकक) मोजतात, शिअरविरुद्धचा किलोपास्कलमध्ये (हजारो पास्कल). म्हणजे लाखो पटींचा फरक! ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३मध्येच जिलेटिनचे नमुने वापरून हे दाखवलं होतं.

हनुवटी मानेपासून लांब, म्हणजे तरफेचं टोक. तिथे बाजूने बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो. चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत येतं, आणि हा तोल सावरताना पेशीच्या पडद्यातले आयनांचे (विद्युतभारित कणांचे) पंप सगळी ऊर्जा खाऊन टाकतात. ठोसा येताना दिसला तर मान आवळता येते आणि डोकं कमी फिरतं. म्हणून न दिसलेला ठोसाच घात करतो. ग्लोव्हजचं म्हणाल तर ते मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात.

अक्राच्या बुकोम वस्तीतून इतके बॉक्सर निघाले, की ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं सर्रास लिहितात. रक्तात हिमोग्लोबिन असतं हो! किनाऱ्यावरच्या ‘गा’ लोकांत गल्लोगल्ली झुंजींची जुनी रीत आहे, आणि १९७५मध्ये अक्राचाच डेव्हिड कोटेई जगज्जेता झालेला तिथल्या पोरांनी पाहिला होता. एवढं पुरतं.

त्याच १९८२च्या नोव्हेंबरात लास व्हेगासला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. डोकं फिरताना कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या शिरा तुटतात, तेव्हा होतो तोच. लगेच वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती १५ऐवजी १२ फेऱ्यांच्या केल्या.

डिसेंबर १९८४मध्ये पोर्तो रिकोत विल्फ्रेडो गोमेझला, त्याच्याच मायभूमीत, अकराव्या फेरीत लोळवून नेल्सन जगज्जेता झाला. सांचेझविरुद्धची ती लढत बारा फेऱ्यांची असती, तर निकाल गुणांवर लागला असता. नेल्सन तेव्हा पायांवर उभा होता.