लष्करी श्वान आणि कोकण

लष्करी श्वान म्हणजे सैन्याबरोबर मोहिमेवर जाण्यासाठी शिकवून तयार केलेला कुत्रा. माग काढणे, सुरुंग आणि स्फोटके हुंगून दाखवणे, ठाण्यावर पहारा देणे, हिमकड्याखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा शोध घेणे आणि शत्रू दबा धरून बसलेल्या घरात सर्वांच्या आधी शिरणे, ही त्याची कामे. पोलिसांची श्वानपथके वेगळी. तरी कोकण किनाऱ्याचा या विषयाशी आलेला संबंध मुख्यतः पोलिसांच्या कुत्र्यांमधून आला असल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे.

कोकणात ‘राखण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कुत्रा आंब्या-काजूच्या बागेची किंवा खळ्याची करतो ती राखण. आणि गावाच्या सीमेवरच्या राखणदाराला वर्षातून एकदा नारळ-कोंबडा देतात, तीही राखणच. राखणाऱ्याचे देणे फेडायचे असते, हे त्या एका शब्दातच आले. लष्करी श्वानाच्या इमानाबद्दल भरभरून लिहिले जाते, त्याला काय दिले गेले याबद्दल मात्र फार थोडे.

युद्धात कुत्रे फार जुन्या काळापासून आहेत. पद्धतशीर शिक्षण देऊन त्यांचा मोठा वापर झाला तो पहिल्या महायुद्धात. निरोप्ये कुत्रे खंदकांमधून चिठ्ठ्या नेत. रेड क्रॉसचे कुत्रे रात्रीच्या अंधारात दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात जखमी शोधत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठी डिकिन पदक सुरू झाले. ते मिळवणारी ज्यूडी ही जहाजावरची कुत्री किनाऱ्यावरच्या माणसाला जवळची वाटावी अशी आहे. शांघायमध्ये जन्मलेली ही पॉइंटर जातीची कुत्री ब्रिटिश नौदलाच्या गनबोटीवर होती. १९४२ मध्ये बोट बुडाली आणि ती खलाशांबरोबर सुमात्रातल्या जपानी बंदिछावणीत पोचली. तिथे फ्रँक विल्यम्स या उपाशी कैद्याने आपल्या वाट्याचा मूठभर भात तिच्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून ती त्याची झाली. जपान्यांच्या कैदेत युद्धकैदी म्हणून अधिकृत नोंद झालेली ती एकमेव कुत्री. पहारेकरी कैद्यांना मारू लागले की ती मध्ये पडून त्यांचे लक्ष स्वतःकडे वेधून घेई. इमान कुठून सुरू होते असे कोणी विचारले, तर त्या भाताकडे बोट दाखवावे.

भारतीय सेनेत कुत्र्यांचे शिक्षण मेरठ येथील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाच्या, केंद्रात होते. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनोआ या जाती तिथे प्रामुख्याने दिसतात. २०१६ पासून मुधोळ हाउंडही तिथे शिकवून पाहण्यात आला. मराठी मुलखात कारवानी म्हणून ओळखली जाणारी ही चपळ जात मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासली.

शिक्षणाचे मर्म सोपे आहे. कुत्र्याला स्फोटकाशी काही देणेघेणे नसते, त्याला त्याचा चेंडू हवा असतो. विशिष्ट वास सापडला की चेंडू मिळतो, एवढे त्याच्या मनात पक्के बसवले जाते. वास सापडल्यावर त्याने भुंकायचे नाही, उकरायचे नाही, पंजा लावायचा नाही. नुसते खाली बसायचे. आधी शेपटीची चाल बदलते, श्वास भराभर आणि तुटक होतो, नाक एकाच जागेभोवती घिरट्या घालते, मग तो खाली बसतो आणि मान वर करून हँडलरकडे पाहतो. पाचपन्नास जवानांचा जीव त्या बसण्यावर अवलंबून असतो. हँडलर म्हणजे त्याला सांभाळणारा जवान. खरारा करणे, पंजांमधले काटे काढणे, वेळेवर जेवण देणे, हे सगळे तोच करतो, म्हणून हुकूमही त्याचाच चालतो. उकाड्यात मात्र धाप लागली की कुत्रा तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि हुंगणे मंदावते. एप्रिल-मेच्या दमट कोकणात कुत्र्याकडून हुंगण्याचे काम करून घ्यायचे तर पहाटेची वेळच बरी, ती यासाठी.

काश्मीरमधल्या लढाईत या कुत्र्यांनी दिलेले बलिदान अलीकडच्या काळातले आहे आणि त्यांची नावे ठाऊक असायला हवीत. ऑगस्ट २०१५ मध्ये कुपवाडा जिल्ह्यातील तंगधार भागात घुसखोरांचा माग काढताना मानसी ही लॅब्रॅडोर कुत्री आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार दोघेही धारातीर्थी पडले. मानसीला मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे कामगिरीची अधिकृत नोंद घेणारा, मान मिळाला. ३० जुलै २०२२ रोजी बारामुल्लात ॲक्सेल हा मॅलिनोआ एका घराच्या खोल्या तपासत असताना गोळ्या लागून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अनंतनागमध्ये झूम या कुत्र्याला अतिरेकी लपलेल्या घरात सोडण्यात आले. दोन गोळ्या लागूनही त्याने झुंज सोडली नाही. १३ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. तो जेमतेम दोन वर्षांचा होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत पळणाऱ्या अतिरेक्यांच्या मागावर केंट ही सोनेरी लॅब्रॅडोर कुत्री जवानांच्या तुकडीच्या पुढे चालत होती. समोरून गोळीबार सुरू झाला आणि हँडलरला वाचवताना तिचा अंत झाला. तिला निरोप देताना तिच्या देहावर तिरंगा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अखनूर भागात फँटम हा लष्करी श्वान गेला. काहीजण म्हणतात की कुत्र्याला मरण कळत नाही, त्यामुळे याला शौर्य म्हणू नये. पण गोळीचा आवाज त्याला कळतो, वेदना कळते, आणि मागे फिरण्याची वाटही मोकळी असते. तरीही तो पुढे जातो. शौर्य म्हणायला एवढे पुरेसे आहे.

कोकणात सैन्य हा घरातला विषय आहे. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे तर पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे देत आल्यामुळे नावानेच फौजी झाले. याच तालुक्यात रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी आख्यायिका सांगतात. समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही, आणि हा पुतळा १९३६ मधला. त्यावरून वाद आहे. २०१२ मध्ये पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. इतिहास म्हणून ती कथा टिकत नाही हे मान्यच करावे. मात्र इमानाचे चित्र काढायचे झाले तेव्हा इथल्या लोकमनाने कुत्राच निवडला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

किनाऱ्याचा थेट संबंध आला तो १९९३ मध्ये. श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर त्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरवण्यात आले आणि १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली. न फुटलेला साठा शोधण्याच्या कामी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्रॅडोर पुढे होता. त्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढल्याचे सांगितले जाते. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला आणि त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. त्याच्या फुलांनी झाकलेल्या देहापुढे उभ्या असलेल्या पोलिसांचे छायाचित्र आजही लोक एकमेकांना पाठवतात.

निवृत्तीनंतरचा भाग मात्र लाजिरवाणा आहे. व्हिएतनाममधून परतताना अमेरिकी सैन्याने आपले बहुतेक कुत्रे जास्तीचे सामान म्हणून मागे सोडले. आपल्याकडेही काम संपलेल्या लष्करी कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारण्याची रीत होती. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून हे समोर आले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मग धोरण बदलले. आता मेरठला निवृत्त कुत्र्यांना सांभाळले जाते, त्यांतले काही लोक दत्तकही घेतात. ज्या हातांनी त्या पंजांमधले काटे काढले, त्या हँडलरला विचारले असते तर हा बदल कितीतरी आधी झाला असता.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेकी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले. त्या दिवसांत स्फोटके शोधणारे मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर, मोकळ्या जागेत, एकत्र राहत होते. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात.